वृत्तपत्रात छापावयाच्या जाहिरातीची फाइल कशी तयार करावी

चतुर्थीच्या सुमारास फोंडा, म्हापसा, मडगाव येथील दुकानांच्या जाहिरातींनी गोव्यातील दैनिकांची पाने भरून जातात. त्यांतील काही जाहिराती मुळात मोबाइलसाठी केलेल्या असतात आणि तीच फाइल वृत्तपत्राकडे जाते. वृत्तपत्राचा कागद साधारणपणे दर चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाचा, करडट आणि शाई शोषून घेणारा असतो, हे ध्यानात घेऊनच कामास बसावे.

आधी माप निश्चित करावे. कॉलमची रुंदी सर्व वृत्तपत्रांत सारखी नसते. त्यामुळे एकच जाहिरात मराठी आणि इंग्रजी अशा दोन दैनिकांत द्यायची असल्यास दोघांच्याही जाहिरात विभागांकडून मापे घेऊन दोन स्वतंत्र फाइली कराव्यात. ताणून बसवलेल्या चौकटीत गणपतीच आडवा फुगलेला दिसतो आणि ते ग्राहकाला मुळीच रुचत नाही. छायाचित्रास प्रत्यक्ष छपाईच्या मापात दर इंचाला किमान २०० पिक्सेल असावेत, म्हणजे १२ सेंटिमीटर रुंदीसाठी सुमारे ९४५. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेले चित्र दाबले गेलेले असते. ते डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पुन्हा मागवावे.

सर्वाधिक घोटाळा काळ्या रंगाचा होतो. आरजीबीमधील (पडद्यावरील लाल, हिरवा, निळा या प्रकाशरंगांतील) काळा रंग फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी सेटिंगने सीएमवायकेमध्ये (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळा, काळा या चार शायांत) बदलला, तर तो या शायांत अनुक्रमे ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा विभागला जातो. त्यांची बेरीज ३०० होते, तर वृत्तपत्राच्या कागदाला २४० टक्क्यांपलीकडे शाई सोसत नाही. मग ती वाळत नाही, समोरच्या पानाला लागते आणि चार शायांच्या चार छपाई-प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली, तरी अक्षरांना रंगीत सावली येते. यासाठी सर्व मजकूर केवळ काळ्या शाईत, १०० टक्के ठेवावा आणि उरलेल्या तीन शाया शून्य कराव्यात. छायाचित्रेही थोडी उजळ करावीत, कारण शाई पसरून ५० टक्क्यांची छटा कागदावर ७५ टक्क्यांच्या आसपास दिसते.

देवनागरीत हा धोका अधिक, कारण गडद पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांत शाई पसरली की अनुस्वार, रफार आणि उकार बुजतात. मग मराठी असो वा कोकणी, शब्दाचा अर्थच बदलतो. अशी अक्षरे ठळक आणि १० पॉइंटांहून मोठी ठेवावीत, बारीक रेषांचे नक्षीदार फॉन्ट तेथे वापरूच नयेत.

श्रीलिपीसारखे फॉन्ट वृत्तपत्राच्या संगणकावर असतीलच असे नाही, म्हणून मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृतींत, बदलून पीडीएफ/एक्स-१ए या छपाईसाठीच्या पीडीएफ स्वरूपात फाइल काढावी. कर्व्ह झालेला मजकूर टाइप करून सुधारता येत नाही. तेव्हा मुद्रितशोधन आधी उरकावे आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. पार्श्वभूमी पांढरी असेल तर चौकट अवश्य द्यावी, अन्यथा शेजारची जाहिरात आपल्यातच मिसळल्यासारखी दिसते. फाइलच्या नावात दैनिक, तारीख आणि माप लिहावे.

पाठवण्यापूर्वी जाहिरात खऱ्या मापात साध्या कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचावी, आणि तिच्यातील दूरध्वनी क्रमांक त्या कागदावरूनच पाहून एकदा लावावा.