ॲम्बेसेडरच्या रॉकरला तेल किती पुरे?

कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली सपाटीला पाय दाबला आणि मागून निळा धूर निघाला, तर समजा इंजिनाच्या वरच्या भागातलं जादा तेल व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून, आत खेचलं गेलं. त्याच गाडीत रॉकरची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची, टकटकही ऐकू येते, म्हणजे कुठेतरी तेल कमीही पडतंय. दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात.

अशा वेळी बरेच जण रॉकरना तेल द्यायला बाहेरून जादा नळी बसवतात. कृपा करून बसवू नका. ते तेल बेअरिंगच्या वाट्याचं असतं.

१४८९ सीसीच्या इंजिनात तेल एकाच स्टँडमधून (शाफ्ट धरणाऱ्या आधारातून) पोकळ रॉकर शाफ्टमध्ये शिरतं आणि भोकांवाटे आठ रॉकरना वाटलं जातं. आपल्या पांझरा नदीवरच्या फडाचा, म्हणजे सामाईक सिंचनाच्या शेतांचा, पाट डोळ्यांपुढे आणा. वरच्या बारीला बांध फुटला की शेवटचं शेत कोरडं. इथेही कोरडा रॉकर एका टोकाला आणि झिजलेला बुश (रॉकरच्या भोकातलं कडं) भलतीकडेच, असं नेहमी होतं.

आधी बघून घ्या. इंजिन तापवून बंद करा, टॅपेट कव्हर (रॉकरवरचं झाकण) काढा, पुन्हा चालू करून स्लोवर ठेवा. फॅनपासून हात आणि कपडे लांब. रॉकरच्या बुडाशी तेल पाझरून टोकापर्यंत ओल गेली की पुरे. कारंजं उडतंय तिथला बुश गेला. आठही रॉकरचं वहीत लिहा.

आता इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्टँडचे चार नट हेडही (सिलिंडरवरचा भाग) धरून ठेवतात, म्हणून फक्त तेवढेच सोडले तर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. रेडिएटरचं पाणी काढा, मग हेडचे सगळे नट क्रमाने, थोडे थोडे ढिले करा. ही पायरी गाळू नका.

शाफ्ट काढल्यावर रॉकरचा क्रम मोडू नका. खालच्या बाजूला नख फिरवा, खाच लागली तर शाफ्ट बदला. डुलणाऱ्या रॉकरचे बुश नवे घाला, बुशचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळवून. शाफ्टच्या टोकाचा प्लग उघडून रॉकेल आणि तारेने आतला गाळ काढा, हवा मारा. कापसाच्या वेस्टने मात्र पुसू नका. तिचा एक धागा भोक बुजवतो. भोकं मोठी करण्याचा मोहही नको.

बसवताना शाफ्टची भोकं खाली, दाबाच्या बाजूला हवीत. स्टँडमधला लोकेटिंग स्क्रू खाचेत बसला की शाफ्ट फिरत नाही. नट मॅन्युअलच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. टॅपेटची फट लावायला नऊचा हिशोब, दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात जातो, म्हणून २०डब्ल्यू-५० तेल घाला. मग कव्हर न लावता पुन्हा सुरू करून वहीशी ताडून बघा. तरीही धूर असेल तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड तपासा.