ट्रायथलॉनच्या पहिल्या वर्षातील दुखापती : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील हौशी खेळाडू ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या स्पर्धेकडे वळला, की त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच स्पर्धा असते, ती म्हणजे चोर्ला घाट उतरून गाठता येणारी गोव्याची. पणजीत २०१९ मध्ये सुरू झालेल्या या ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धेत मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल चालवणे आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत असल्यामुळे सरावाचा सर्वांत जड काळ नेमका जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो, म्हणजे आपल्याकडे झड लागलेली असते आणि पश्चिमेचा वारा सायकल उभी राहू देत नाही, तेव्हा. आमच्या गटातील नवख्यांच्या सरावाच्या वह्या वर्षअखेरीस एकत्र चाळल्या, तेव्हा बहुतेक दुखण्यांचे मूळ या वेळापत्रकातच सापडले. आणि तेही दुखणे जाणवले त्या दिवशी नव्हे, तर त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत.

यामागचे कारण सरळ आहे. नियमित सरावाने दम काही आठवड्यांतच वाढू लागतो, परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना तेवढा भार पेलण्याजोगे होण्यास अनेक महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धावणाऱ्याला धाप लागत नाही, वेग वाढवावासा वाटतो आणि पाय मात्र अजून त्यासाठी तयार झालेले नसतात. पहिल्या वर्षातील धोक्याचा काळ हाच होय.

बुडालेला सराव भरून काढणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक कोणती, असे विचारले तर मी हिचेच नाव घेईन. एका वहीत जुलैच्या एका आठवड्यात लागोपाठ चार दिवसांपुढे ‘पाऊस’ एवढाच शब्द आहे. त्यानंतर रविवारी कॅम्पातील रस्त्यांवर लांब पल्ल्याची धाव आहे आणि सोमवारी पहाटे पुन्हा वेगाची धाव आहे, कारण सायकल बाहेर काढण्याजोगी स्थिती नव्हती. नडगीच्या दुखण्याची पहिली नोंद ऑगस्टच्या पानावर येते. लिहिणाऱ्याने तिचा दोष नव्या बुटांना दिला आहे.

पावसाळ्यात असेच होते. सायकल बंद पडली, की तिची जागा धावणे घेते, कारण त्याला फक्त बूट लागतात. परंतु धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट आघात पायावर येतो, सायकलीवर तो येत नाही. म्हणून तासाला तास असा हिशेब येथे लागू पडत नाही. बुडालेला सराव बुडाला असे समजून चालू आठवड्याच्या ठरलेल्या सरावापासून पुढे जावे. आठवड्याहून अधिक खंड पडला असेल, तर आधीच्या भाराच्या साधारण दोन तृतीयांशापासून सुरुवात करावी. सायकल घराबाहेर काढता येत नसेल, तर ती घरातील ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवण्याच्या स्टँडवर लावावी आणि तेही शक्य नसेल, तर त्या वेळी पोटऱ्या, मांड्या व कमरेचे ताकदीचे व्यायाम करावेत.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक म्हणजे तीन खेळांचे तीन वेगळे हिशेब ठेवणे. ‘आज विश्रांती, फक्त पोहणे’ अशी नोंद अनेक वह्यांत आढळते. पाय विसावतात हे खरे, पण शरीराला ती विश्रांती नव्हे. प्रत्येक सरावाची मिनिटे आणि त्या सरावाला एक ते दहांपैकी दिलेला श्रमांक यांचा गुणाकार करावा, म्हणजे ६० मिनिटांच्या मध्यम सरावाला पाच गुण दिल्यास ३०० होतात, आणि आठवड्याची बेरीज एकाच ओळीत मांडावी. ही बेरीज अचानक उसळलेली दिसली, तर पुढचा आठवडा हलका ठेवावा. हलक्या सरावाची खूण एवढीच, की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. रविवारच्या गटातील सायकल फेरीत ही खूण कोणीच पाळत नाही, कारण राजहंसगडाचा चढ समोर आला, की प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुढेच जायचे असते.

नडगी चोळून घेणे

आपल्या भागावर तालमीचा मोठा संस्कार आहे. ‘अंगात मुरलं की दुखायचं थांबतंय’ हा सल्ला ज्येष्ठांकडून हमखास मिळतो आणि थकलेल्या स्नायूच्या बाबतीत तो खोटाही नाही. हाडाच्या दुखण्याला मात्र तो लावू नये. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेली, धावायला लागल्यावर जाणवणारी आणि अंग गरम झाल्यावर कमी होणारी कळ बहुधा हाडाच्या आवरणावर आलेल्या ताणाची असते; भार कमी केल्यास ती आवरते. याउलट एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना ते वाढतच जात असेल, रात्री पडल्या जागीही ठणकत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका धरलीच पाहिजे.

अशा वेळी तेल लावून जोराने चोळून घेणे किंवा हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे घातक ठरू शकते. येथे आणखी एक फसगत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. ‘फोटो नॉर्मल आहे’ असे कळताच खेळाडू पुन्हा धावू लागतो. लक्षणे वरीलप्रमाणे असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांना सर्व इतिहास सांगून एमआरआयची गरज आहे का, हे विचारावे आणि तोवर धावणे पूर्ण थांबवावे.

टाचेमागील अकिलीस कंडरेच्या दुखण्यात चूक बरोबर उलटी असते, ती म्हणजे पूर्ण विश्रांती घेऊन बसणे. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडला. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी १५ वेळांचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, असा तो १२ आठवडे करायचा असतो. बहुतेक जण तीन आठवड्यांत आराम पडला म्हणून तो सोडून देतात आणि पुढे फिजिओकडे तीच तक्रार घेऊन जातात.

सीट, गिअर आणि वारा

सायकलीवर गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल, तर सीट खाली असण्याची किंवा जड गिअर रेटला जात असल्याची शक्यता प्रथम तपासावी. मागच्या बाजूने दुखत असेल, तर सीट वर गेलेली असू शकते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास गुडघा सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर तो २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहतो. ही तपासणी सरावाचेच बूट घालून, भिंतीला टेकून करावी. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून एका वेळी तीन ते पाच मिलीमीटरच बदल करावा आणि किमान आठवडाभर तो बदलू नये. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहातावर जास्त भार पडतो आहे, असे समजावे.

पावसाळ्यात दिशाही महत्त्वाची ठरते. पहाटे सांबऱ्याच्या बाजूने पूर्वेकडे निघालेला स्वार पाठीवरच्या वाऱ्यामुळे सहज पुढे जातो, स्वतःच्या वेगावर खूश होतो आणि परतताना, थकलेल्या पायांनी, तोच वारा छातीवर घेत जड गिअरवर मिनिटाला साठेक फेऱ्यांनी पेडल रेटत राहतो. गुडघ्याचे दुखणे या परतीच्या प्रवासात जडते. त्या दिवसांत आधी पश्चिमेकडे, वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि गिअर हलका ठेवून ८० ते ९० फेऱ्यांची गती राखावी.

पोहणे आणि समुद्रसपाटी

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हा मोठा फायदा आहे. मात्र तो डोके वर धरून पोहतो. डोके वर गेले, की कंबर व पाय बुडतात आणि मग हात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबू लागतात. अंतर वाढवल्यावर खांद्याचा पुढचा भाग दुखू लागतो, तो यामुळे. नजर तळाकडे ठेवावी, हात डोक्यासमोरील मध्यरेषा ओलांडून आत टाकू नये आणि दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय लावावी. मोकळ्या पाण्याच्या सरावासाठी भर पावसाळ्यात मलप्रभेत किंवा धरणाच्या पाण्यात एकट्याने उतरणे ही चूक नव्हे, अविचार आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात येथे अंग तापतच नाही. तीन महिने या गार हवेत सराव करून स्पर्धेच्या आदल्या दिवशी पणजीत उतरणाऱ्यांना धावण्याच्या टप्प्यात चक्कर व पेटके येतात, कारण दमट उकाड्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. एवढे आधी जाणे नोकरदाराला शक्य नसते. त्याने शेवटच्या दोन आठवड्यांत काही हलके सराव दुपारी करावेत किंवा बंद खोलीत पंखा न लावता ट्रेनरवर करावेत, सोबत कोणीतरी असावे आणि घामाची भरपाई नुसते पाणी पीत राहून न करता त्यात मीठ-साखरही घ्यावी. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून घटलेले वजन वहीत लिहून ठेवल्यास, तासाला किती प्यायचे याचा अंदाज स्पर्धेपूर्वीच मिळतो.