शेडकार्ड आधी मिटवा: जुना फ्लॅट नव्याने करताना या चुका टाळा

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९९४ सालचा. साडेसहाशे फूट, दुसरा मजला, खाली-वर शेजार, पश्चिमेला गॅलरी. आई-बाबांसाठी तो नव्याने करून घ्यायचं ठरलं तेव्हा अडीच महिन्यांचा हिशोब केला होता, लागले साडेचार. वरचे दोन महिने आधी केलेलं निस्तरण्यात गेले. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच चुका आमच्या होत्या, कारागिरांच्या कमी.

पहिली चूक म्हणजे फोटोंपासून सुरुवात. माझ्या फोनमध्ये चाळीस-पन्नास फोटो जमले होते. राखाडी भिंती, उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, टांगते दिवे, जमिनीला टेकलेला सोफा. सुताराने शांतपणे सगळे पाहिले आणि विचारलं, "होईल सगळं. पण काका पेपर कुठे वाचतात?"

बाबा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचतात. आई टीव्हीसमोर खाली बसून विळीवर भाजी चिरते. माझ्या पन्नास फोटोंत या दोघांना बसायला एक जागा नव्हती. हॉटेलची खोली असते तशी ती घरं होती, कुणीच तिथे मेथी निवडत नव्हतं.

मग आठवडाभर एक वही ठेवली. कुठली वस्तू कुठे येऊन पडते, एवढंच लिहायचं. किल्ल्या फ्रिजवर. ओली छत्री बाथरूमच्या नळाला. दळणाचा डबा स्वयंपाकघराच्या दारात, सगळ्यांच्या पायात. बाबांच्या गोळ्या टीव्हीखाली, कारण बातम्यांच्या वेळी घ्यायच्या असतात. त्यात वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीही लिहा. आमचा गणपती हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात बसतो आणि तिथे प्लग नाही, म्हणून इतकी वर्षं उंबऱ्यावरून एक्स्टेन्शनची वायर यायची. आता तिथे पॉइंट आहे आणि मखर ठेवायला बरोबर वरच माळा आहे. "आपल्या घराला आपली स्टाइल हवी" असं आपण म्हणतो, ती शोधायला मला या वहीची पानं पुरली.

खाली टेकलेला सोफा घेऊन झालाच असेल आणि घरात गुडघेदुखी असेल तर सोफा बदलू नका. सुताराकडून तीन-चार इंचाचे पाय लावून घ्या. बसायची उंची सतरा-अठरा इंच झाली की उठताना हात धरावा लागत नाही.

ओल झाकणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त दिसते. भिंतीला पोपडे आले, पांढरा क्षार फुटला की रंगारी म्हणतो, खरवडून पुट्टी मारू. त्याहून वाईट सल्ला म्हणजे, वरून पॅनेल लावू, दिसणार नाही. दिसत नाही खरं. पण मागे ओल तशीच राहते, बुरशी धरते, प्लायवूड असेल तर वाळवीला आमंत्रण, आणि दोन पावसाळ्यांनी पॅनेलसकट सगळं उतरवावं लागतं. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर याआधी दोनदा रंग चढला होता, दोन्ही वेळा गणपतीपर्यंतही टिकला नाही.

ओल कुठून येते ते आधी ठरवा. फूट-दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतली दमट हवा आहे, तिला खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा पुरतो. पाणी भिंतीतून येत असेल तर मागे काय आहे ते पाहा. मागे बाथरूम असेल तर गळती तिथली. बाहेरची भिंत असेल तर तडे, खिडकीवरचा छज्जा किंवा ड्रेनेजचा पाइप, आणि तो विषय सोसायटीच्या कमिटीकडे न्यायचा. आमच्याकडे बाहेरच्या पाइपाचा सांधा फुटला होता. तो जोडला, भिंत उघडी करून नवा गिलावा केला आणि मग महिनाभर काहीच केलं नाही. हे काहीच न करणं सगळ्यात जड जातं. नवा गिलावा साधारण २८ दिवस सुकू द्यावा लागतो, आणि त्या दिवसांत येणारा प्रत्येक पाहुणा "रंग कधी?" विचारतो.

भर पावसाळ्यात आतल्या रंगाचं काम काढू नका. कोकणपट्टी, ठाणे, मुंबईच्या हवेत तर नाहीच. दिवाळीला घर चकाचक हवं म्हणून सप्टेंबरात घाई होते, आणि ओल्या भिंतीवर मारलेला रंग पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखा सुटतो.

बाथरूममध्ये फक्त टाइल्स बदलणं

टाइल्स फोडल्या की खालचं जुनं वॉटरप्रूफिंग दुखावतंच. "वरवरच्या काढतो" म्हणणाऱ्या गवंड्यावर विश्वास ठेवू नका. एकदा फोडलंय तर कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर), नहाणी ट्रॅप (पाणी निघून जायचं तोंड), पाइप सगळं नव्याने करा. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बुजवून पाणी भरून ठेवायचं, किमान २४ तास, जमल्यास ४८. भिंतीवर खडूने पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगायचं. आमच्या खालच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, कोपऱ्यात ओला डाग आहे. टाइल्स बसल्यावर हा फोन आला असता तर सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं, वर काकूंचं छतही आमच्याच खर्चाने. बाथरूममधून खाली होणारी गळती ज्याची त्यानेच दुरुस्त करायची असते.

भिंतीतले पाण्याचे पाइप टाइल्स लावण्याआधी दाबाखाली रात्रभर ठेवून तपासा. सांधा गळायचाच असेल तर तेव्हा गळू दे.

फरशीवर फरशी

"तोडफोड नको, जुन्या फरशीवरच बसवू, चार दिवसांत काम." ऐकायला छान वाटतं. पण नव्या फरशीने जमीन अर्धा ते पाऊण इंच वर येते. दारं खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरा बुटका होतो आणि पाणी हॉलमध्ये येतं. वजनाचंही बघा. व्हिट्रिफाइड टाइल (काचेसारखी घट्ट भाजलेली) चौरस फुटाला साधारण दोन ते अडीच किलो भरते. सहाशे फुटांना सव्वा-दीड टन, तीसेक वर्षांच्या स्लॅबवर, जुन्या फरशीच्या वर.

मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा माणसं गेली. आमच्यापासून जेमतेम दोन स्टेशनं पुढे. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये फरशीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा कागद मागतात, आणि मला त्यात जाच वाटत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्याकडे झालंय का, हा प्रश्न डिझायनरला नव्हे, सेक्रेटरीला विचारायचा. बीम, कॉलम आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला झिऱ्या (वायर-पाइपसाठी खाचा) मारू देऊ नका. हॉलमध्ये झोपाळा हवा असेल तरी छतात नुसतं फास्टनर ठोकून टांगू नका. झोपाळ्याचं वजन हलतं असतं, स्थिर नाही. इंजिनिअरने हो म्हटलं तर ठीक, नाहीतर स्टँडचा झोपाळा घ्या.

आमच्या घरात मोझॅक होती, पिवळसर, मधे काळे-तांबडे खडे. मला ती सरकारी ऑफिससारखी वाटायची. बाबा हटून बसले, म्हणून नाइलाजाने पॉलिशचं मशीन आणलं. दोन दिवस घरभर राखाडी चिखल, आणि मग खालून असे रंग वर आले की मी गप्प झाले. दोन तुटक्या फरश्या गॅलरीतल्या फरश्यांनी बदलल्या. आज घरी येणारा प्रत्येक जण आधी जमिनीकडे बघतो. मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवरी खडेच असतात, त्यामुळे ती घासून पुन्हा नवी करता येते. फोडायचा निर्णय एक फरशी घासून बघितल्यावर घ्या.

नवी व्हिट्रिफाइडच लावणार असाल तर ती सिमेंटच्या घोळात नको, टाइल ॲडेसिव्हवर लावा. ही टाइल ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी पिते, म्हणून नुसतं सिमेंट तिला नीट धरत नाही. लावलेली फरशी नाण्याने वाजवून पाहा, पोकळ आवाज आला तर गवंडी समोर असतानाच काढून घ्या.

वायर

इलेक्ट्रिशियन पॉइंटवर पैसे घेतो, म्हणून आपण पॉइंट कमी करतो आणि पुढे दहा वर्षं मल्टिप्लग वापरतो. दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या प्लगला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, हवीच. ती सारखी पडत असेल तर काढून टाकू नका. एकेक सर्किट बंद करून कुठल्याने पडते ते शोधा. आमच्याकडे ओला झालेला गीझरचा प्लग निघाला. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा. आमच्या सुताराने टीव्ही युनिटचा स्क्रू थेट पाण्याच्या पाइपात मारला होता. तो फोटो असता तर ती दुपार वेगळी गेली असती.

प्लायवूडचा शिक्का

ओट्याखाली आणि बेसिनखाली सातशेदहाचं प्लाय लागतं, म्हणजे आयएस ७१० चं मरीन. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चालतं. अडचण अशी की शिक्का मारायला पैसे लागत नाहीत. सातशेदहाला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. मी तेवढं नाही, पण एक तुकडा पातेल्यात घालून दिवसभर उकळला. आईने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणासाठी?" संध्याकाळी तुकड्याचे पापुद्रे सुटले होते. प्लाय दुकानात परत गेलं.

पावसाळ्यात ड्रॉवर आणि दारं अडकली तर लगेच रंधा मारायला लावू नका. ऑक्टोबरात लाकूड आटतं आणि मग फटी दिसतात. आधी बिजागरीचे स्क्रू फिरवून पाहा, कडांना पट्टी बसलेली नसेल तर ती बसवा.

आजीचं सागवानी कपाट सुताराने "भंगारात देऊन टाका" म्हटलं होतं. पॉलिश करून ते आता हॉलमध्ये आहे, खालच्या कप्प्यात दळणाचा डबा. नवं युनिट करायचे पैसे वाचले आणि पूर्ण घरात तेवढीच एक वस्तू अशी आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही.

रंग आणि दिवे यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण ते बदलता येतात. शेडकार्डावरचा रंग भिंतीवर गडद वाटतो. दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. हॉलमध्ये ६५०० केल्व्हिनचे पांढरे दिवे लावून ऑपरेशन थिएटर करू नका. ३००० चा एक पिवळसर दिवा आणून एक संध्याकाळ काढा आणि मग ठरवा. नऊ फूट उंचीच्या खोलीत सगळीकडे फॉल्स सीलिंग मला तरी गुदमरवतं. लावलंच असेल आणि कोव्हमधला (सीलिंगच्या खाचेतला) उजेड डोळ्यात जात असेल तर फक्त दिव्यांची पट्टी बदला, सीलिंग नाही.

ओट्याची उंची मात्र बदलता येत नाही. सगळीकडे ३४ इंच करतात. आई चार फूट अकरा. पोळ्या लाटताना कोपरापासून चारेक इंच खाली ओटा हवा, हे आम्हाला ग्रॅनाइट बसल्यावर कळलं. आता ती पाटावर उभी राहून पोळ्या करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की मुलीने मोठा खर्च केला. तुम्ही जुन्या ओट्यावर पुस्तकं रचून, वर पोळपाट ठेवून आधीच बघून घ्या.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि सुताराचा चौरस फूट कसा मोजणार, माळा धरून की सोडून, ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात राहिले तर उत्तम. कोणी तयार होत नाही, पण महिनाभर तरी थांबवा. त्या महिन्यात प्रत्येक ड्रॉवर, नळ, बटण वापरा. टाइल्स आठ-दहा टक्के जास्त घ्या, एकाच बॅच नंबरच्या, आणि उरलेलं खोकं माळ्यावर मखराशेजारी ठेवा. परत करून चारशे रुपये घेऊ नका.