तरफेच्या जुन्या फाउंटन पेनातील रबरी पिशवी कशी बदलावी

जुनी पेने जमवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी असे पेन येतेच, ज्याची निब शाबूत असते, नळीवरची धातूची छोटी तरफही जागेवर असते, पण शाई मात्र काही केल्या भरत नाही. या रचनेचे पेटंट वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये घेतले आणि पुढे कित्येक कंपन्यांनी तशी पेने काढली. तरफ उचलली की आतली धातूची पट्टी रबरी पिशवीला दाबते आणि तरफ सोडली की पिशवी फुगून शाई ओढून घेते. बिघडते ती बहुधा पिशवीच, कारण लॅटेक्स काही दशकांत कडक होऊन तडकते किंवा चिकट होऊन आतल्या बाजूला लगद्यासारखे बसते.

पेन हाती आल्यावर तरफ उचलून पाहण्याचा मोह आवरावा. कडक झालेली पिशवी दबत नाही, सारा जोर तरफेवर येतो आणि ती वाकते किंवा तिची खीळ निसटते.

आता खऱ्या कामाकडे वळू. निब आणि जीभ (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा तुकडा) ज्यात बसवलेली असते आणि लिहिताना बोटे ज्यावर टेकतात, ते सेक्शन नळीतून बाहेर काढायचे असते. बाकीची सगळी कामे कुणालाही जमतात. पेने मोडतात ती याच टप्प्यावर. सेक्शन रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जुने पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असेल, तर पाण्याने, विशेषतः गरम पाण्याने, त्याचा काळा रंग उडून तपकिरी, हिरवट होतो. पेन कॅसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचे असेल, तर ते पाणी शोषून फुगते. म्हणून आधी पेन कशाचे आहे ते ओळखावे. नळी अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगावी: गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घालून केलेले जुन्या काळचे प्लास्टिक. वास ओळखता आला नाही, तर पेन सेल्युलॉइडचेच आहे असे समजून काम करावे, कारण चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूने होईल.

सेक्शन सोडवण्याचा भरवशाचा मार्ग एकच, तो म्हणजे कोरडी आणि सौम्य उष्णता. सेक्शन नळीत घट्ट बसलेले असते आणि पुष्कळदा ते शेलॅकने, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने, पक्के केलेले असते. ही लाख साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, पण त्याच्या थोडे वर गेले की सेल्युलॉइडही मऊ पडून वाकते, आणि ज्योतीजवळ नेले तर क्षणात पेट घेते. मेणबत्ती किंवा लायटर वापरायला सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये. हेअर ड्रायर दूर धरावा, पेन सतत फिरवत राहावे आणि जोडापाशी स्वतःचे बोट लावून पाहावे. बोटाला चटका बसत असेल, तर पेन गरजेपेक्षा जास्त तापले आहे.

त्यानंतर सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घेऊन एकाने नळी आणि दुसऱ्याने सेक्शन धरावे आणि सरळ रेषेत ओढत हलकेच इकडेतिकडे फिरवावे. काही पेनांत आटे असतात, तिथे ओढून उपयोग नसतो, घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवावे लागते. हलले नाही तर पेन थंड होऊ द्यावे आणि पुन्हा ऊब द्यावी. मी एका हट्टी पेनावर चार संध्याकाळी घालवल्या आहेत आणि त्या वाया गेल्या असे मला वाटत नाही. त्याआधी एकदा मात्र मी पहिल्याच ऊबेनंतर पक्कड लावली आणि सेक्शन किंचित तिरके ओढले. नळीच्या तोंडाला केसासारखी चीर पडली आणि मोत्यासारखी झाक असलेले ते सुंदर सेल्युलॉइड कायमचे अधू झाले. तेव्हापासून नळीला पक्कड लावायची नाही आणि सेक्शन डावीउजवीकडे कलवायचे नाही, हे दोन नियम मी कधीही मोडत नाही.

सेक्शन निघाले की जुन्या पिशवीचे सगळे कण काढावेत, सेक्शनमागची, पिशवी जिच्यावर चढते ती बारीक मान खरवडून स्वच्छ करावी आणि दाबपट्टी गंजली असल्यास बदलावी. नळीवर कोरलेली कंपनीची अक्षरे पॉलिशने घासू नयेत. संग्राहकासाठी तीच पेनाची ओळख असते.

नव्या पिशवीचा क्रमांक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत तिचा व्यास सांगतो, म्हणजे १६ क्रमांकाची पिशवी पाव इंचाची असते. मोठ्या पिशवीत जास्त शाई मावते, हा समज सोडून द्यावा. नळीत ठासून बसलेली पिशवी पुरती फुगतच नाही. नळीची आतली खोली काडीने मोजून पिशवी त्याहून काही मिलिमीटर आखूड कापावी, मानेला शेलॅकचा पातळ थर द्यावा आणि पिशवी चढवावी. झटपट गोंद वापरू नये. शेलॅक पुढच्या दुरुस्तीच्या वेळी उबेने सुटते. तो गोंद सुटत नाही आणि मान मोडते.

शेलॅक रात्रभर वाळू द्यावे. मग पिशवी बोटांनी दाबून सेक्शन पाण्यात बुडवावे आणि सोडावे. पाणी आत ओढले गेले आणि नंतर जोडातून थेंब झिरपला नाही, तर जोड पक्का आहे असे समजावे. पिशवी कोरडी करून तिला टाल्कम पावडर चोळावी, म्हणजे ती पट्टीला चिकटत नाही. शेवटी निबेचा वरचा भाग आणि तरफ एका रेषेत येतील अशा बेताने सेक्शन नळीत सरकवावे. सैल वाटले तरच शेलॅकचे पातळ बोट फिरवावे.