हँग झालेला प्रोग्राम बंद करण्यापूर्वी आणि नंतर काय करावे

प्रोग्राम हँग झाला की पुष्कळ जण आधी माऊसची बटणे दाबत सुटतात आणि मग थेट पॉवर बटणाकडे वळतात. या दोन्ही गोष्टी टाळल्या, तर सेव्ह न केलेले काम वाचण्याची शक्यता बरीच वाढते. प्रोग्राम खरोखर अडकला आहे की नुसता कामात गुंतला आहे, हे आधी ठरवावे, कारण सारे पुढचे निर्णय त्यावर अवलंबून असतात.

विंडोजमध्ये एखादी विंडो साधारण ५ सेकंद प्रतिसाद देईनाशी झाली, की तिच्या शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे येतात आणि ती फिकट पडते. मोठ्या एक्सेल फाइलमधली आकडेमोड चालू असेल किंवा बंद पडलेल्या प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहिली जात असेल, तरीही हेच दिसते. त्यामुळे काही मिनिटे थांबावे आणि पुन्हापुन्हा क्लिक करू नये, कारण ते क्लिक रांगेत साठून प्रोग्राम सावरताच नको ते बटण दाबले जाऊ शकते. दरम्यान ऑल्ट आणि टॅब दाबून एखादी प्रश्न विचारणारी छोटी चौकट मागे दडलेली नाही ना, हे पाहावे. असे वाटते त्याहून अधिक वेळा घडते.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी दाखवणारे विंडोजचे साधन, उघडावा. तो उघडला नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या पडद्यावरून उघडावा. तेथे त्या प्रोग्रामच्या ओळीतील सीपीयू (प्रोसेसर) आणि डिस्कचे आकडे मिनिटभर नीट पाहावेत. आकडे वरखाली होत असतील, तर काम चालू आहे असे समजून आणखी थांबावे. ८ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला स्वतंत्र दिसणारे प्रोसेसरचे भाग) असलेल्या संगणकावर सीपीयूचा आकडा १२-१३ टक्क्यांच्या आसपास खिळून राहिला असेल, तर प्रोग्रामने एक प्रोसेसर पूर्ण व्यापला आहे. हे लांबलेले गणित असू शकते किंवा न संपणारे चक्रही, म्हणून येथे घाई करू नये. दोन्ही आकडे बराच वेळ शून्यावर असतील, तर तो बहुधा दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत आहे. अशा वेळी विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटर या साधनाच्या सीपीयू विभागात त्या प्रोग्रामच्या प्रक्रियेवर (प्रोसेसवर) राइट क्लिक करून ‘ॲनलाइझ वेट चेन’ निवडावे. ती कोणत्या प्रक्रियेमुळे अडली आहे हे तेथे दिसू शकते, आणि ती अडवणारी प्रक्रिया छपाईसारखी दुय्यम असेल, तर तेवढीच बंद केल्याने मूळ प्रोग्राम कामासह मोकळा होण्याची आशा असते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे वाईट वाटते.

बंद करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचा आधी मोबाइलने फोटो काढावा. निदान तेवढा भाग पुन्हा टाइप करता येतो. मग विंडोच्या कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करून पाहावे आणि त्यानेही भागले नाही, तरच टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम निवडून ‘एंड टास्क’ दाबावे. ओळखीच्या नसलेल्या सिस्टीम प्रक्रियांना हात लावू नये. टास्कबारच अडकला असेल, तर ‘विंडोज एक्सप्लोरर’च्या ओळीवर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडणे पुरेसे असते. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून ‘फोर्स क्विट’ची यादी उघडते. लिनक्सवर आधी साधी ‘किल’ आज्ञा द्यावी, कारण तिच्यात प्रोग्रामला आवराआवर करण्याची संधी मिळते. ‘किल’ला ९ क्रमांकाचा संकेत जोडून प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला, तर ती संधी मिळत नाही.

सगळा संगणकच निश्चल वाटत असेल, तर कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा बदलतो का ते पाहावे. दिवा बदलत असेल आणि फक्त चित्र थिजले असेल, तर विंडोज कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्याने ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र हाताळणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो व उघड्या फाइल्स तशाच राहतात. काहीच चालेनासे झाले, तरच पॉवर बटण संगणक बंद होईपर्यंत दाबून धरावे. मात्र विंडोजचे अपडेट चालू असल्याचा संदेश पडद्यावर असेल, तर तसे करू नये.

वर्ड पुन्हा उघडल्यावर वाचलेल्या प्रतींची यादी समोर आली, तर ती तत्काळ बंद न करता प्रत्येक प्रत पाहून वेगळ्या नावाने सेव्ह करावी. आपोआप प्रत ठेवण्याचा मूळ अवधी १० मिनिटांचा असतो. ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ विभागात तो २ किंवा ३ मिनिटांवर आणावा. वर्ड वारंवार अडकत असेल, तर कंट्रोल कळ दाबून धरून ते सेफ मोडमध्ये, म्हणजे जादा जोडण्यांशिवाय, सुरू करावे. तेथे ते सुरळीत चालले, तर बहुतेक वेळा दोष एखाद्या ॲड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या पूरक प्रोग्रामचा, असतो. वेगवेगळे प्रोग्राम अडकत असतील, तर विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये बिघाडांच्या तारखेनुसार नोंदी पाहाव्यात, आणि डिस्क खराब होत असल्याची शंका आली, तर कोणतीही तपासणी चालवण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.