होयाच्या वेलीला पानंच पानं, फूल मात्र नाही? या चुका टाळा

होयाला सगळ्यात आधी मारते ती कुंडीतली काळी माती. नर्सरीतून रोप आणलं की धुऱ्यावरची माती आणि ओंजळभर शेणखत भरून ते मोठ्या कुंडीत लावलं जातं. पहिल्याच पावसाळ्यात बुडाकडची पानं पिवळी पडून गळू लागतात. ही वेल मुळात जमिनीतली नाही. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत ती झाडांच्या खोडांना आणि खडकांना धरून वाढते, तिथे पाणी मुळांवरून वाहून जातं आणि मागोमाग वारा लागतो. आपली भारी जमीन ओल धरते म्हणून पऱ्हाटीला मानवते. कुंडीत तीच ओल होयाची मुळं कुजवते.

कुंडी अशी भरा: दोन भाग नारळाच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चुलीतल्या कोळशाचा जाड चुरा आणि अर्धा भाग गांडूळ खत. चुलीतली राख मात्र यात घालू नका, ती खारट असते. कोकोपीटच्या विटेतही क्षार असतात, म्हणून ती भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्यायची. नारळाची साल मिळाली नाही तर वीटभट्टीवरचे लहान तुकडे चालतात. वरून तांब्याभर पाणी ओतलं की काही क्षणांत ते खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. वर साचून राहत असेल तर मिश्रण अजून जाड करा.

कुंडी लहानच बरी. हातभर वेलीला ४ ते ५ इंचांची पुरते. मुळांनी कुंडी गच्च भरली की फुलांची शक्यता वाढते. कुंडी बदलायची ती दोन-तीन वर्षांनी, आणि तीही फक्त इंचभर मोठी.

सुरकुतलेलं पान दिसलं की हात तांब्याकडे जातो. इथेच सगळ्यात जास्त वेली जातात. पान दोन उलट कारणांनी सुरकुततं: मुळांना पाणी नाही म्हणून, किंवा मुळं कुजल्यामुळे पाणी वर चढत नाही म्हणून. आधी कुंडी उचलून पाहा. हलकी लागली आणि दोन इंच खोलवर बोटाला कोरडं लागलं, तर ती तहान आहे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा टणक होतात. कुंडी जड असूनही पान मऊ असेल तर पाणी देऊच नका. वेल बाहेर काढून मुळं धुवा. पांढरट, टणक मुळं ठेवा, तपकिरी आणि बोटाने दाबताच सालपट सुटणारी कापून टाका. एक दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या ताज्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी द्या. एकही मूळ शाबूत नसेल तर बुडाचा मोह सोडा आणि शेंड्यांच्या काड्या लावा.

पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवू नका. ओसरीतल्या कुंडीला मे महिन्यात साधारण तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत त्याहूनही उशिरा. बोट आत घालून पाहिल्याशिवाय मात्र कधीच नाही.

उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो. ३५ च्या पुढे होयाची वाढ मंदावते, पण सावलीत आणि दमट हवेत ती तग धरते. टिनाच्या छपराखाली आणि पश्चिमेच्या भिंतीवर तिला टांगू नका, पानं भाजून पांढरट होतात. कूलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही, फक्त झोताच्या समोर नको. आणखी एक चूक सहसा लक्षात येत नाही: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेच नळीने कुंडीत जातं आणि मुळं शिजतात. सकाळचं पाणी द्या. बोअरच्या जड पाण्याने पानांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येत असेल तर पावसाचं पाणी ड्रमात साठवून तेच वापरा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली उतरला की कुंडी आत घ्या.

आता फुलांचं. काडीपासून वाढवलेली वेल फुलायला दोन-तीन वर्षं सहज घेते, तोवर धीर धरा. त्यानंतरही फूल नसेल तर बहुतेक वेळा प्रकाश कमी पडतो. आतल्या अंधाऱ्या खोलीत वेल हिरवीगार राहते, फुलत नाही. पूर्वेच्या दारात सकाळी ९ पर्यंतचं ऊन मिळालं की पुरे. वेलीतून निघणारा बिनपानांचा लांब शेंडा वाळका समजून कापू नका, पानं त्याच्यावरच येतात. फुलांचा झुबका सुकल्यावर उरणारा आखूड देठही तसाच ठेवा. पुढच्या वेळी कळ्या त्याच देठाच्या टोकाला येतात, तो खुडला तर वेलीला नवा देठ तयार करत बसावं लागतं. कळ्या दिसल्या की कुंडी हलवू नका, फिरवू नका, कोरडीही पडू देऊ नका, नाहीतर त्या पिवळ्या होऊन गळतात.

शेतातून उरलेला युरिया टाकला तर पानंच वाढतात. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मुळांना, वाढीच्या काळात तीन आठवड्यांनी एकदा, एवढं बस आहे.

होया ही धुऱ्यावरच्या रुईची नातलग. दोघींना पांढरा चीक येतो, पाच पाकळ्यांच्या फुलात दोघींनाही मधे मुकुटासारखी घडण असते. रुईवरचा पिवळा मावा म्हणूनच होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही येतो. तो ओल्या कापडाने पुसून काढा. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली भांड्याचं द्रव साबण घोटून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. पऱ्हाटीचं औषध घरात आणू नका. तणनाशक मारलेला पंप तर धुऊनही वापरू नका, तळाशी राहिलेला अंशही वेल वाकडी करतो. फुलांखाली जमीन चिकट झाली तर घाबरू नका, तो फुलांतून टपकणारा मध असतो. चिकटपणा पानांवर असेल तर मात्र कीड शोधा.

हृदयाच्या आकाराचं एकच पान खोचलेली कुंडी विकत मिळते, तीही होयाच. त्या पानाला खोडाचा डोळा नसेल तर मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल कधीच निघत नाही. वेल हवी असेल तर दोन-तीन पेरांची, ५-६ इंचांची काडी घ्या, चीक सुकू द्या, खालचं पेर मिश्रणात दाबा आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सावलीत ठेवा. महिनाभरात मुळं धरतात.