ऑन्टारियोत कमी पगारात राहताय? भाड्याच्या घराच्या यादीत आधी नाव घाला

आपलं कोणी इथं नवीन आलं की जुनी मंडळी सांगतात दोन वर्षांत घर घेऊन टाक, पण ज्याचा पगार बेसमेंटच्या भाड्यातच संपतो त्याला काय सांगायचं ते कोणी बोलत नाही. नॉन-प्रॉफिट संस्थांची भाड्याची घरं इथं असतात, त्यातल्या बऱ्याच घरांना आरजीआय (रेंट गिअर्ड टू इन्कम) लागू असतं, म्हणजे भाडं घरातल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. नागरिकत्व किंवा पीआर (इथं कायम राहण्याचा परवाना) लागतं, नाहीतर निदान पीआरचा अर्ज किंवा शरणार्थी म्हणून दावा तरी केलेला हवा, नुसत्या स्टडी परमिटवर नाही मिळत.

या घरांसाठी प्रतीक्षा यादी असते, टोरांटोची वेगळी, पीलची (मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनकडचा भाग) वेगळी, दोन्हीकडे अर्ज करा. टोरांटोत दहा वर्षांच्या वर थांबावं लागतं म्हणून लोक अर्जच करत नाहीत, अहो पण वर्षं तशीही जाणारच ना!

आता आमचं सांगते. अर्ज केल्यावर आम्ही दोनदा घर बदललं, फोन नंबरही बदलला, आणि यादीवाल्यांना कळवायचं राहूनच गेलं. घर अजून हवंय का असं विचारणारं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, उत्तर नाही म्हणून फाइल बंद, चार वर्षांचा नंबर गेला. त्याच सुमारास यांची नोकरी सुटली आणि मी मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडलं. म्हणून हात जोडून सांगते, पत्ता, फोन, ईमेल, घरात बाळ आलं, काहीही बदललं की त्याच आठवड्यात कळवा.

बिल्डिंग निवडताना सगळ्यांवर टिक मारू नका. २०२१ पासून पहिलीच ऑफर नाकारली तर सहसा यादीतून नाव जातं, त्यामुळे आधी बसने जाऊन बघून या, शाळा किती लांब, बर्फात स्टॉपपासून किती चालावं लागेल.

कमाई शून्य असली तरी टॅक्स रिटर्न दरवर्षी भरा, भाडं त्यावरूनच काढतात.

यातच को-ऑपही असतात, म्हणजे राहणारेच मिळून चालवतात ती घरं, पण ती आपली सोसायटी नव्हे, फ्लॅट तुमच्या नावावर होत नाही, विकता येत नाही, पण तुम्ही मेंबर असता, मीटिंगला मत असतं. तिथल्या बाजारभावाच्या घरांसाठी थेट त्या को-ऑपलाच विचारायचं. माझ्या मते कुटुंबासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, शेजारपाजार मिळतो.

आणि सरकारी मदतीचं घर म्हणजे कमीपणा, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तुमचं भाडं ते भरणार नाहीयेत. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर २११ या मदतीच्या नंबरला फोन लावा, फुकट आहे, इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागा.